हार घातलेली माणसं

माझ्या स्टुडिओच्या दारावर एक पाटी होती: ‘लहान मुलांच्या फोटोची जबाबदारी नाही.’ डहाणू स्टेशनातून बाहेर पडून बाजाराच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, न्हाव्याच्या दुकानाला लागून, माझी ती एक खोली. पाटी मी स्वतः रंगवली होती आणि रंगवताना मला कोणाची दया आली नव्हती. तेव्हा माझ्याकडे तीन पायांवर उभा राहणारा जुना लाकडी कॅमेरा होता. डोक्यावर काळं फडकं घ्यायचं, मागच्या काचेवर उलटं चित्र बघून जागा ठरवायची, प्लेट आत सरकवायची, भिंगावरचं झाकण उचलायचं, मनात ‘एक’ म्हणायचं आणि झाकण परत लावायचं. त्या ‘एक’मध्ये मोठी माणसं श्वास धरून बसत. लहान मूल तेवढ्यात जांभई देई, आईची नथ ओढी, नाहीतर मान फिरवी, आणि प्लेट धुतल्यावर त्याच्या तोंडाच्या जागी धुक्याचा गोळा दिसे. नाचता येईना अंगण वाकडं, तसं आम्हा फोटोवाल्यांचं मूल नेहमी हललेलं असतं, हे मला मान्य आहे. पण ती खरोखरच हलत.

लहान मुलांचे स्वच्छ फोटो माझ्याकडे थोडे होते. बहुतेक झोपलेल्या मुलांचे. काही गेलेल्या मुलांचे. त्या काळी मूल गेलं की कोणीतरी धावत स्टुडिओत येई, कारण जिवंतपणी फोटो काढायचं कोणाला सुचलेलं नसे. मी कॅमेरा खांद्यावर टाकून जायचो, त्याला आईच्या मांडीवर नीट ठेवायला सांगायचो आणि काम करून यायचो. घरी येऊन जेवायचोसुद्धा. ज्याचं त्याचं काम असतं, असं मी मानत आलो आहे.

महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. तलासरीच्या बाजूला हद्द नेमकी कुठून जाते यावर चहाच्या दुकानांत अजून वाद चालत. रेल्वेच्या गँगमधला एक वारली जवान रोज सकाळी रुळावर कामाला जाताना माझ्या शोकेससमोर थांबायचा. शोकेसमध्ये सगळी लग्नंच होती: एका इराणी वाडीवाल्याच्या मुलाचं, बाजारातल्या एका गुजराती व्यापाऱ्याचं, आगरच्या एका मच्छीमार घरातलं. तो काचेला नाक लावून बघे आणि निघून जाई. न्हावी म्हणायचा, हा एक दिवस काच फोडणार.

काच न फोडता तो एका दुपारी आत आला. अंगावर खाकी शर्ट, हातात टोपी.

“शेठ, डोंगरावर येणार का? माझं लगीन हाय.”

“कुठल्या डोंगरावर?”

“तलासरीच्या पुढं. तलासरीवर बस जाते. मंग चालायचं.”

अशा वेळी मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारत असे. “वऱ्हाडात लहान मुलं किती?”

“लई. पण फोटोत एकच.”

“कोणाचं?”

“माझंच.”

मधली भिंत फळ्यांची होती. पलीकडे न्हाव्याचा वस्तरा थांबला आणि तो मोठ्याने म्हणाला, “आधी कळस, मग पाया.” खुर्चीतलं गिऱ्हाईकही हसलं. आलेला माणूस हसला नाही आणि रागावलाही नाही. मला थोडं ठाऊक होतं. त्यांच्यात लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण आणि ताडी. तेवढी जमवाजमव होईपर्यंत दोघं एकत्र राहतात, पोरं होतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कधी कधी तर आईबापांचं लग्न मुलाच्याच मांडवात उरकून घेतात. आमच्याकडे कर्ज काढून लग्न करतात आणि मग जन्मभर भांडतात. तेव्हा हसायचं कोणी कोणाला, हा प्रश्नच आहे.

“पोरगी फोटोत यायला पायजे,” तो म्हणाला. “तिची आई म्हणते, पोरगी नसंल तर फोटो नको.”

मी बोटाने पाटी दाखवली. “वाचता येतं ना?”

“येते. दोन बुकं शिकलोय.”

“मग?”

त्याने पाटी पुन्हा एकदा, ओठ हलवत, पुरती वाचली. “ती दुकानात लावलीय शेठ,” तो म्हणाला. “डोंगरावर नाय लावली.”

एवढ्यावर मी गेलो. माणूस मला आवडला असं नाही, पण त्याचं उत्तर आवडलं.

ठरल्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही निघालो. कॅमेऱ्याची पेटी माझ्या मांडीवर, स्टँड त्याच्या खांद्यावर, आणि त्याच्या दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. दर थोड्या वेळाने तो त्या फडक्यावर पाणी शिंपडत होता. मी विचारलं तेव्हा त्याने एक कोपरा उघडून दाखवला. झेंडूचे दोन जाडजूड हार होते, डहाणूच्या बाजारातून घेतलेले. “तुमच्या काचेत सगळ्यांच्या गळ्यात हायत तसले,” तो म्हणाला. त्यांच्याकडे लग्नात असले हार घालत नाहीत, हे मला तिथे पोचल्यावर समजलं. ते फक्त फोटोसाठी होते.

चारोटीला बस बदलायची होती. हमरस्त्यावरच्या दुकानात आम्ही चहा घेतला. ट्रक जात होते, धूळ बशीत पडत होती. मी आपला सहज म्हणालो, की पोरीला त्या वेळी नीट खाऊ-पिऊ घालून शांत ठेव, नाहीतर माझी प्लेट फुकट जाईल. त्याने मान डोलावली. मग बशीत बघत म्हणाला, “हिच्या आधी एक पोऱ्या होता. चालायला लागला आन् गेला.”

मी काही विचारलं नव्हतं. तो पुढे बोलत राहिला.

“तिला त्याचं तोंड याद नाय. रोज मला इचारते, नाक कसं व्हतं. मी सांगतो, माझ्यासारखं. पण तसं नव्हतं. मला याद हाय, पण सांगता येत नाय कसं व्हतं ते.”

“म्हणून फोटो?”

“हा. ही गेली तर, म्हणते.”

मी चहा संपवला. तेवढ्यात तलासरीची बस आली.

तलासरीहून पुढे बैलगाडीची वाट आणि मग चढण. तो स्टँड घेऊन झपझप पुढे जाई, मागे बघे, माझ्यासाठी थांबे. मी घामाघूम झालो होतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. डोंगराच्या पोटात जरा सपाटी होती, तिथे पाडा. कुडाच्या, शेणाने सारवलेल्या झोपड्या, दोन मोठे आंबे, आणि त्यांच्या मधोमध हिरव्या डहाळ्यांचा मांडव. इथून समुद्र दिसतो, असं त्याने मला हात लांब करून दाखवलं. मला धूर दिसला.

लग्न लावायला त्यांच्यात भटजी नसतो. धवलेरी असते. लग्नाची गाणी तिला पाठ असतात आणि ती गाता गाता लग्न लागतं. ही धवलेरी नवरीची आत्या होती. वाळकी, उंच, कपाळावर गोंदलेली आणि कोणाचं ऐकून न घेणारी म्हातारी. मी आल्याबरोबर तिने मला झोपडीत नेऊन भिंत दाखवली. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने मोठा चौकोन भरला होता. कडेला जाळीची नक्षी, मध्ये देवी, भोवती झाडं, माणसं, घोडा. मी खरंच मनापासून म्हणालो, “आजी, चौक छान काढलाय.”

“काढला नाय,” ती म्हणाली. “लिवला. चौक लिवतात.”

“बरं, लिवलाय.”

“काढते ते तू. लिवते ते आमी.” आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन बाहेर गेली. ते लोक आपसात बोलत त्यातलं मला निम्मं कळे. माझ्याशी मात्र सगळे बाजारातली मराठी बोलत.

नवरी मांडवात बसली होती. हळदीने पिवळी झालेली, आणि मांडीवर दीड-दोन वर्षांची पोरगी. आईच्या अंगाला घासून घासून पोरीचा एक गाल, एक दंड आणि पोट पिवळं झालं होतं. नवरीने मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

“हिचं तोंड येल का?”

“हलली नाही तर येईल,” मी म्हणालो.

“हलंल,” ती म्हणाली. “जिती हाय.”

मी कॅमेरा आंब्याखाली लावला. उघड्यावरचा उजेड कडक होता. त्यात माणसांच्या डोळ्यांखाली खड्डे पडतात, म्हणून मला सावली हवी होती. सावलीत झाकण जास्त वेळ उघडं ठेवावं लागणार होतं. म्हणजे पोरीने हलायला तेवढाच जास्त वेळ. पाड्यातली सगळी माणसं कॅमेऱ्याभोवती गोळा झाली. धवलेरीने मला बाजूला सारून स्वतः काळ्या फडक्यात डोकं घातलं. आतून तिचा आवाज आला, “ही सगळी खाली डोकं, वर पाय करून कशाला उबी?” मी म्हणालो, कागदावर सुलटी होतात. तिने फडक्याबाहेर येऊन माझ्याकडे बघितलं. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला नव्हता हे उघड होतं.

मग लग्न सुरू झालं. गाणी लांबलचक. धवलेरी एका सुरात गाई, मध्ये थांबून कोणाला तरी पाणी आणायला फर्मावी, आणि जिथे सोडलं तिथून पुन्हा उचले. मी झाडाला टेकून बसलो. ताडी समोर आली, ती मी थोडी घेतली. पोरगी मांडवातून बाहेर रांगली, चालली, पडली, कोणाच्या तरी हातून भाकरीचा तुकडा घेतला, आणि उन्हं कलायला लागली तेव्हा पळसाच्या पानांच्या ढिगावर झोपून गेली.

ते बघून मी उठलो. माझ्या मते देवच पावला होता. उजेड मऊ होता, डोंगराची सावली अजून मांडवापर्यंत आली नव्हती, आणि पोरगी झोपलेली. मी नवऱ्याला म्हणालो, “गाणं जरा थांबवा. आत्ताच्या आत्ता तिला मांडीवर घ्या. झोपेत हलणार नाही. तोंड काचेसारखं येईल.”

तो पोरीला उचलायला वाकला. नवरीने त्याचा हात धरला.

“निजलेली नको.”

“अगं, हीच वेळ आहे,” मी म्हणालो. “उठली की रडेल. मग काही यायचं नाही.”

“निजलेली नको,” ती पुन्हा म्हणाली. आवाज चढवला नाही. “मांडीवर निजलेलं मी बघितलंय.”

नवरा जमिनीकडे बघत उभा राहिला. मला खरं तर राग आला होता. एवढा डोंगर चढून आलो, उजेड चालला, आणि ही बाई हट्ट करते. पण तिचं शेवटचं वाक्य कानात पोचलं आणि राग उतरला. मी स्वतः कितीतरी मुलांना तसंच मांडीवर ठेवायला सांगितलं होतं. मी झाडाखाली जाऊन पुन्हा बसलो. मला वाईट वाटलं, आणि उजेडाचीही काळजी वाटत राहिली.

पोरगी उठली तेव्हा सावली मांडवाच्या खांबांना लागली होती. उठली ती रडतच. आईने पाजलं तेव्हा गप्प झाली. तोवर लग्नाची गाणीही एका टप्प्याला आली होती. नवरा धावत जाऊन ओलं फडकं घेऊन आला, हार बाहेर काढले, एक स्वतःच्या गळ्यात घातला, एक बायकोच्या. मग दोघं कॅमेऱ्यासमोर घोंगडीवर बसली आणि पोरीला त्यांनी मध्ये घेतलं. मी फडक्यात डोकं घातलं. काचेवर तिघं उलटी लटकत होती आणि चित्र चांगलं भरलं होतं.

तेवढ्यात धवलेरी काचेत शिरली. म्हणजे तिचे पाय वरच्या बाजूने आत आले.

“ह्ये काढ,” ती नवऱ्याला म्हणत होती. “गळ्यातलं काढ.”

मी बाहेर आलो. “आजी, बाजूला हो. उजेड जातोय.”

“हार घालून फोटो नको.”

“का?”

“हारवाली सगळी मेलेली असतात.”

मला आधी हसू आलं. मग ती बोटांवर मोजत सांगायला लागली. डहाणूला कचेरीत गेली होती, तिथे भिंतीवर फोटो, फोटोला हार. ते कोण, विचारलं, तर मेलेले. शाळेत फोटो, हार, मेलेले. व्यापाऱ्याच्या पडवीत त्याच्या बापाचा, आज्याचा, सगळे हारातले, सगळे मेलेले. “जित्या माणसाच्या फोटोला हार घातलेला तू बघितला?”

“हा फोटोला नाही घातलेला,” मी म्हणालो. “माणसांना घातलाय. लग्नात घालतात.”

“फोटोत गेला का फोटोलाच झाला ना?”

आता याला उत्तर द्या. मी पंधरा-वीस वर्षं हा धंदा करत होतो आणि मला ते देता आलं नाही. माझ्या स्वतःच्या घरी वडिलांच्या फोटोला हार होता. डहाणूतल्या ज्या ज्या घरात मी गेलो होतो तिथल्या भिंती मला आठवल्या. म्हातारीने आपल्या डोळ्यांनी जे बघितलं त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता, पण तो कुठे चुकला ते दाखवता येत नव्हतं.

नवरा मात्र ऐकेना. हार नसतील तर गँगमधली माणसं याला लगीन म्हणतील का, असं त्याचं म्हणणं. गेले कित्येक महिने तो माझ्या शोकेससमोर उभा राहत होता तो या हारांसाठी. त्याची आणि म्हातारीची आपसात बरीच बोलाचाली झाली. ती मला पुरती कळली नाही. शेवटी नवरी म्हणाली, “तुमी घाला नायतर काढा. पोरीच्या अंगाला लावू नका.” तिने आपल्या गळ्यातला हार काढून मागे घोंगडीवर ठेवला. नवऱ्याने आपला गळ्यातच राहू दिला.

“मंग मी बघणार नाय,” धवलेरी म्हणाली, आणि आमच्याकडे पाठ करून एका दगडावर जाऊन बसली. तिच्या पाठोपाठ चार-पाच बायका गेल्या.

मी नवऱ्याला सांगितलं, “माझ्याकडे बघ. मी झाकण उचललं की हलायचं नाही, श्वास घ्यायचा नाही. काहीही झालं तरी.” त्याने छाती भरून श्वास घेतला आणि डोळे भिंगावर रोखले. नवरी पोरीकडेच बघत होती. तिला माझ्याकडे बघ म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. पोरगी बोट चोखत होती. मी प्लेट सरकवली, झाकण उचललं.

त्या ‘एक’मध्ये पोरीने बोट तोंडातून काढलं, बापाच्या छातीवरचा हार मुठीत पकडला आणि ओढला. दोरा तुटला. मी झाकण लावलं तेव्हा झेंडूची फुलं घोंगडीवरून घरंगळत मांडवाबाहेर चालली होती. बाप तसाच, श्वास धरून, भिंगाकडे बघत. हार तुटून मांडीवर पडला तरी तो हलला नाही, कारण मी हलू नको म्हटलं होतं. त्याला बघून पहिल्यांदा एक बाई हसली. मग सगळा मांडव हसला.

म्हातारीने मान वळवली. “काय झालं?”

“पोरीने हार तोडला,” कोणीतरी सांगितलं.

ती उठून आली. खाली पडलेली फुलं बघितली, तुटलेला दोरा उचलून बघितला. “बरा तोडला,” ती म्हणाली. पोरीच्या पिवळ्या गालावरून हात फिरवून तिने बोटं कपाळाला लावली, आणि राहिलेलं गाणं उभ्यानेच म्हणायला लागली.

मी आणखी एक प्लेट घेतली. या खेपेला हार कोणाच्याच गळ्यात नव्हते, आणि म्हातारी स्वतः येऊन शेजारी उभी राहिली. पण डोंगराची सावली पुरती आली होती, पोरगी नाचायला लागली होती, आणि झाकण उचलतानाच मला कळलं होतं की ही प्लेट गेली.

डहाणूला येऊन दोन्ही प्लेटा धुतल्या. दुसऱ्या प्लेटमध्ये म्हातारी दगडासारखी स्वच्छ होती आणि पोरीच्या जागी धुक्याचा गोळा. पहिली मी आधी उजेडासमोर धरलीच नाही. हात तुटल्यासारखा, तोंड पुसल्यासारखं काहीतरी असणार अशी मनाची तयारी करून मग धरली. पोरीचा हात बापाच्या छातीवर एक लांबट डाग होऊन गेला होता. पण तोंड आलं होतं. हार ओढताना ती त्या हाराकडे इतकी टक लावून बघत होती, की मान जागची हलली नव्हती. भुवया, पापण्या, ओठावरची लाळसुद्धा. एवढ्या लहान मुलाचं जागं असलेलं तोंड इतकं स्वच्छ मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं. त्यात माझं काही कसब नव्हतं.

फोटो घ्यायला नवरी स्वतः आली, पोरीला कडेवर घेऊन. नवरा कामावर होता. तिने फोटो हातात घेतला, फोटोतल्या नवऱ्याकडे बघितलं नाही, स्वतःकडे बघितलं नाही. कडेवरची पोरगी आणि कागदावरची पोरगी, असं दोनदा बघितलं. मग कागदावरच्या तोंडाला स्पर्श न करता, बोट जरासं वर धरून म्हणाली, “नाक आलं.”

“आलं,” मी म्हणालो.

ती हसली, आणि मला इतका आनंद झाला की मी तिला दुसरी प्रत तशीच काढून दिली. न्हाव्याला बोलावून फोटो दाखवला. तो म्हणाला, नवऱ्याच्या छातीवर हा काय डाग पाडून ठेवलायस. न्हाव्याला फोटोतलं काही कळत नसे.

नवरा रोज सकाळी जात राहिला. शोकेससमोर थांबणं त्याने सोडलं. आता त्याच्या घरीच फोटो होता. मला बघितलं की तो छाती फुगवून, श्वास धरून, डोळे रोखून उभा राही, आणि मग हसत पुढे जाई. ही थट्टा तो इतकी वर्षं करत राहिला की मला तिचा कंटाळा आला होता.

मग काही दिवस तो दिसला नाही. त्याला कावीळ झाल्याचं न्हाव्याकडून कळलं, आणि पुढच्या आठवड्यात तो गेल्याचंही. यावर कोणी म्हणेल की म्हातारीचं खरं झालं. मी तसं म्हणणार नाही. माझ्या त्या शोकेसमधली निम्मी माणसं आज हारातली आहेत, आणि राहिलेली होतील. तेवढ्यापुरतं म्हणाल तर म्हातारी सगळ्यांच्याच बाबतीत बरोबर होती.

त्याची बायको आली ती दिवसकार्य झाल्यावर. बरोबर पोरगी, आता शाळेत जाणारी, दोन वेण्या घातलेली. तिने पदराखालून फोटो काढला.

“गँगवाले म्हणतात, त्याचा फोटो लाव घरात, हार घाल. दुसरा फोटो नाय.” तिने फोटो टेबलावर ठेवला. “ह्याला हार घातला तर तिघांला पडतो.”

“मग?”

“त्याला यकट्याला काढून द्या.”

प्लेट माझ्याकडे जपून ठेवलेली होती. एकट्या माणसाला मोठा करून बाजूचं झाकून टाकणं हे नेहमीचं काम होतं. दोन दिवसांनी ये, म्हणून मी तिला सांगितलं. त्याला मोठा केल्यावर तो माझ्याकडे रोखून बघू लागला, श्वास धरून, रस्त्यावर थट्टेने बघायचा तसा. मी अंधाऱ्या खोलीत एकटाच होतो आणि मला रडू आलं. ते यायचं काही कारण नव्हतं. तो माझा कोणी नव्हता.

त्याच्या छातीवर कागदाच्या कडेकडून आलेला तो पांढरा डाग होता. बायको आणि पोरगी झाकली गेली होती, पण हा डाग झाकला जाईना, कारण तो त्याच्या अंगावरच होता. रिटचिंग मला चांगलं येत असे. देवीचे व्रण, तिरळे डोळे, व्यापाऱ्यांच्या दुसऱ्या हनुवट्या, हे सगळं मी पेन्सिलीने आणि पात्याने घालवलेलं होतं. हा डाग घालवून तिथे शर्ट आणि फुलं भरायची, एवढंच. ते मी तिला विचारून करायचं ठरवलं, कारण कधी कधी लोकांना आपल्या माणसाचा शर्ट आठवत असतो.

दोघी आल्या. मी फोटो टेबलावर ठेवला. म्हणालो, “हा डाग राहिलाय. आत्ता बसल्या जागी काढून देतो.”

पोरीने वाकून बघितलं. “काय हाय तो?”

“तुझा हात,” आई म्हणाली.

पोरगी बराच वेळ बघत राहिली. तिला तो हात दिसत होता की नाही, मला सांगता येणार नाही. मी पातं हातात घेतलं तशी आईने फोटो माझ्यासमोरून अलगद आपल्याकडे ओढला.

“पुसू नका,” ती म्हणाली. “लिवलेला हाय तो.”

मी पातं ठेवलं. फोटो चौकटीत बसवला, मागे खिळे ठोकले. अशा चौकटींबरोबर द्यायला म्हणून माझ्याकडे कागदी फुलांचे हार खुंटीला टांगलेले असत. सवयीने मी त्यातला एक काढून तिच्यापुढे धरला.

“हार नको,” ती म्हणाली. “हिने तोडला तो.”

तिने चौकट पदरात गुंडाळली, पोरीला पुढे घातलं आणि ती बसच्या रस्त्याला लागली. मी हार परत खुंटीला लावला.